सेल्फ बदलण्याआधी

चावी फिरवली आणि इंजिनाऐवजी नुसता ‘टक’ असा आवाज आला, की निकाल तिथल्या तिथे लागतो : सेल्फ गेला. मग गाडी ढकलत किंवा दुसऱ्या बॅटरीच्या आधाराने गॅरेजपर्यंत नेणे, सेल्फ उतरवणे, ‘हा दुरुस्त करण्यात अर्थ नाही, नवाच टाकू’ हे ऐकणे आणि काही हजार रुपये मोजणे ओघानेच येते. यात कुणाची लबाडी असतेच असे नाही. चावी फिरवल्यावर फिरायचे ते सेल्फने, आणि तो फिरला नाही, तेव्हा संशय त्याच्यावरच जाणार. पण चावी आणि सेल्फ यांच्या मध्ये बॅटरी, तिची दोन टर्मिनल, जाड केबल, इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी, इग्निशन स्विच, फ्यूज, रिले आणि बऱ्याच गाड्यांत क्लचच्या पॅडलजवळचा स्विच एवढा गोतावळा असतो. यांपैकी काहीही बिघडले तरी वरून दिसणारे लक्षण जवळजवळ सारखेच. म्हणून सेल्फच्या बाबतीत पान्याआधी मीटर हातात घ्यावा, आणि तो गाडीच्या मालकानेच, घरीच घ्यावा. दुरुस्ती घरी जमेल किंवा जमणार नाही. निदान मात्र घरीच नीट होते, कारण बिघाडाचा पुरावा घरी असतो. गाडी गॅरेजात पोहोचेपर्यंत तो बहुधा पुसला गेलेला असतो.

हे पटण्यासाठी सेल्फ नेमके काय करतो ते पाहायला हवे. इंजिन पेट्रोलचे असो वा डिझेलचे, ते आपण होऊन सुरू होत नाही. बाहेरून कुणीतरी क्रँकशाफ्ट मिनिटाला साधारण दीडशे-दोनशे फेऱ्यांच्या वेगाने फिरवावा लागतो. तेव्हा कुठे सिलिंडरमधली हवा पुरेशी दाबली जाते, इंधन पेटते आणि पुढचे इंजिन स्वतः सांभाळते. एके काळी हे काम माणूस लोखंडी हँडल मारून करत असे. जुन्या जीप आणि अँबॅसिडर गाड्यांना पुढून हँडल घालायची सोय असे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायची भीतीही असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी घडवलेला विजेचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांवर बसला आणि ही कसरत मागे पडू लागली. केटरिंग यांनी त्याआधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर जोडली होती. मोटर दिवसभर चालवायची नसून क्षणभर जोर लावायची असेल, तर लहानशा मोटरवरही तिच्या नेहमीच्या कुवतीच्या कित्येक पट भार टाकता येतो, हे तिथले ज्ञान त्यांनी गाडीत वापरले. आजचा सेल्फही याच हिशेबाने बनतो. त्यामुळे तो एवढ्याशा आकारात इंजिन फिरवू शकतो. आणि त्यामुळेच एका दमात दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारत राहिले, तर तो तापून खराब होऊ शकतो.

या क्षणभराच्या जोरासाठी लागणारा विजेचा प्रवाह प्रचंड असतो. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभर ते दोनशे अँपिअर ओढतो, अगदी पहिल्या क्षणी त्याहूनही बराच जास्त. डिझेलचा आकडा आणखी मोठा. दोन्ही हॅलोजन हेडलाइट मिळून घेतात ते नऊ-दहा अँपिअर. ‘लाइट लख्ख लागतोय, म्हणजे बॅटरी ठीक आहे, सेल्फच गेला’ हा तर्क इथेच पडतो. जी वाट दहा अँपिअर सुखाने नेते, ती दीडशे नेऊ शकेलच असे नाही. समजा, टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली आणि त्या सांध्याचा रोध अवघा एक शतांश ओहम झाला. हेडलाइटच्या दहा अँपिअरला तिथे एक दशांश व्होल्ट खर्ची पडेल, जे डोळ्यांना कळणारही नाही. सेल्फच्या दीडशे अँपिअरला मात्र दीड व्होल्ट तिथेच संपेल आणि सव्वादोनशे वॅटची उष्णता त्या एका सांध्यात तयार होईल. सेल्फ मारून पाहिल्यावर एखादे टर्मिनल हाताला गरम लागते ते यामुळे. शिवाय मोटरची जास्तीत जास्त ताकद तिला मिळणाऱ्या व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्ट पाचव्या हिश्शाने घटले, तर ताकद एक तृतीयांशाहून अधिक घटते. निर्दोष सेल्फही मग मेल्यासारखा वागतो.

गच्चीवरच्या टाकीतून येणारा पाइप अर्धा चोंदला असेल, तर नळ बंद असताना त्याच्यामागे दाब पुरेपूर असतो, आणि नळ सोडला की करंगळीएवढी धार लागते. गाडीच्या वायरिंगचे तसेच आहे. सेल्फ फिरत नसताना मीटर लावला, तर प्रत्येक सांध्यावर साडेबारा व्होल्ट दिसतील आणि सगळे ठीक आहे असा भ्रम होईल. मीटर ओहमवर लावून केबल तपासण्याचाही उपयोग नाही. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध एक शतांश ओहमपेक्षा कितीतरी जास्त असतो. केबलमधल्या शेकडो तारांपैकी एक जरी शाबूत असली, तरी मीटर ‘जोडलेले आहे’ म्हणून खुशाल आवाज देतो. मोजायचे ते सेल्फ मारत असताना, भार असतानाच. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर काही शे रुपयांचा मीटर पुरतो.

मीटर लावण्याआधी कान बरेच काम करतात. हेडलाइट लावून चावी फिरवावी. ‘टक-टक-टक-टक’ असा झरझर आवाज आला आणि लाइट मिणमिणला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. सेल्फवरचा सोलेनॉइड जाड संपर्क जोडतो, जोडताक्षणी व्होल्ट कोसळतात, तो सुटतो, व्होल्ट सावरतात, तो पुन्हा जोडतो. त्याची ही टकटक असते. एकच ठसठशीत ‘टक’ आला आणि लाइट तसाच राहिला, तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे संपर्क जळालेले असण्याची किंवा सेल्फच्या मोटरला वीज पोहोचवणारे कार्बन (ब्रश) झिजलेले असण्याची शक्यता मोठी. ‘टक’बरोबर लाइट अगदीच बसला आणि बॅटरी मात्र भरलेली आहे, तर सेल्फ किंवा खुद्द इंजिन आतून अडकले आहे. आवाजच नाही आणि लाइटही हलला नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोहोचलेला नाही. मोटर घुर्रकन फिरते पण इंजिन हलत नाही, तर मेकॅनिक ज्याला बेंडिक्स म्हणतात तो एकाच दिशेने पकडणारा क्लच घसरतो आहे. दातांचा खरखराट आला, तर फ्लायव्हीलवरच्या रिंगचे किंवा तिच्यात अडकणाऱ्या सेल्फच्या पिनियनचे दात खाल्ले गेले आहेत. या खुणा अंतिम निर्णय देत नाहीत. मीटर कुठून लावायला सुरुवात करायची, ते सांगतात.

सुरुवात बॅटरीपासून करणे उत्तम, कारण तीच सर्वांत वारंवार बिघडते आणि तिची तपासणी सर्वांत सोपी. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन खुंट्यांवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२च्या खाली असेल तर आधी चार्ज केल्याशिवाय पुढच्या कुठल्याही तपासणीला अर्थ नाही. मग एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने आकडा पाहावा. आकडा ९.६च्या खाली घसरला, तर बॅटरी आतून थकलेली असू शकते. आपल्याकडच्या उष्णतेत बॅटरीचे आयुष्य तसेही कमी असते. गाडी सुरू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. नाही दिसले तर बॅटरी उतरण्याचे कारण अल्टरनेटरमध्ये आहे, आणि नवा सेल्फ टाकून ते दूर होणार नाही. तपासताना इंजिन भलत्या वेळी सुरू होऊ नये म्हणून इंधनपंपाचा फ्यूज काढून ठेवावा, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना उटी लावलेली असावी.

बॅटरी पास झाली, की खरी तपासणी सुरू होते : व्होल्ट वाटेत कुठे हरवतात ते शोधायचे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरे सेल्फवर जिथे जाड केबल येते त्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारायचा. वाट निर्दोष असेल, तर अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा येतो. मग एक टोक निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरे सेल्फच्या धातूच्या अंगावर. इथे दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त नको. जास्त आला, तर एक टोक जागेवर ठेवून दुसरे एकेका सांध्याने पुढे सरकवायचे : खुंटीवरून क्लँपवर, क्लँपवरून केबलच्या टोकावर, तिथून बॉडीवर, बॉडीवरून इंजिनावर. ज्या सांध्याशी आकडा एकदम उडी घेतो, तिथे बिघाड. अर्थिंगचा संशय असेल, तर मीटरशिवायही एक परीक्षा आहे. जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे थेट इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. मघाचा मरतुकडा सेल्फ आता जोमाने फिरला, तर दोष निगेटिव्हच्या वाटेत, बहुधा अर्थिंगच्या पट्टीत आहे आणि इलाज म्हणजे ती पट्टी काढून, घासून, घट्ट बसवणे किंवा बदलणे. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत ही पट्टी आणि टर्मिनल गंजणे अगदी सामान्य. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून टर्मिनल धुणे, तारेच्या ब्रशने चकचकीत करणे आणि घट्ट आवळून वर व्हॅसलिनचा हात देणे, एवढ्यावरही काम भागू शकते. फक्त ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ द्यायचे नाही.

सेल्फमधून मुळी आवाजच येत नसेल, तर जाड वाट सोडून बारीक वायर तपासावी. सोलेनॉइडवर एक लहान वायर येते. चावी स्टार्टवर असताना तिच्यावर बॅटरीच्या जवळपास व्होल्ट दिसले पाहिजेत. नाही दिसले, तर उलट दिशेने मागे जायचे : फ्यूज, रिले, क्लचचा स्विच, ऑटोमॅटिक गाडीत गिअरची जागा ओळखणारा स्विच आणि शेवटी इग्निशन स्विच. रात्री बॉनेटखाली उबेला येणाऱ्या उंदरांनी वायर कुरतडल्याचेही अशा वेळी उघडकीस येते. लहान वायरवर व्होल्ट आहेत, ‘टक’ होतो आणि तरी सेल्फ फिरत नाही, असे असेल तर शेवटची दोन मापे उरतात. सोलेनॉइडवर दोन जाड बोल्ट असतात, एक बॅटरीकडचा आणि एक मोटरकडचा. ‘टक’ झाल्यावर बॅटरीकडे बारा व्होल्ट आणि मोटरकडे शून्य, म्हणजे सोलेनॉइडचे संपर्क गेले. मोटरकडेही पूर्ण व्होल्ट पोहोचतात आणि ती ढिम्म, म्हणजे कार्बन किंवा आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग. सेल्फ खराब आहे हे वाक्य इथे येऊन उच्चारायचे, त्याआधी नाही.

आणि इथवर आल्यावरही ‘सेल्फ खराब’ म्हणजे ‘सेल्फ फेकण्याजोगा’ असे नव्हे. तो उतरवणे बऱ्याच गाड्यांत घरी जमते. बॅटरीचे निगेटिव्ह आधी काढायचे, वायरींचा मोबाइलवर फोटो घ्यायचा, दोन-तीन बोल्ट सोडवायचे आणि जड वस्तू खाली येते आहे याचे भान ठेवायचे. काही गाड्यांत तो इनटेक मॅनिफोल्डखाली दडलेला असतो. तिथे हा उद्योग व्यावसायिकावर सोडावा. उतरवल्यावर पिनियन हाताने फिरवून पाहावे : एका दिशेने मोकळे फिरले आणि दुसऱ्या दिशेने धरले, तर बेंडिक्स शाबूत आहे. मागचे झाकण उघडले की कार्बनची लांबी, त्यांच्या स्प्रिंगचा जोर आणि ते जिथे घासतात तो तांब्याचा कम्युटेटर दिसतो. कम्युटेटर काळवंडला असेल, तर बारीक पॉलिश पेपरने उजळावा आणि पट्ट्यांच्या फटींतली काजळी काढावी. कार्बनचा संच, बुश, सोलेनॉइड हे सुटे भाग बऱ्याच सेल्फसाठी वेगळे मिळतात. आर्मेचर आत घासत असेल तर बहुधा बुश झिजलेली असते. आर्मेचरची गुंडाळी जळाल्याचा वास आला, तर मात्र नवा किंवा रिपेअर केलेला सेल्फ घेणे शहाणपणाचे.

यावर अनुभवी ड्रायव्हर म्हणतील, एवढे मोजमाप कशाला, सेल्फवर पान्याचा एक ठोका द्या, गाडी सुरू होते. होते, हे खरे. आणि का होते हेही पाहण्यासारखे आहे. झिजलेला कार्बन खाचेत अडकून कम्युटेटरपासून सुटलेला असतो, ठोक्याने तो हलतो आणि पुन्हा टेकतो. म्हणजे ठोका हा निदानाचा एक धागा आहे : ठोक्याने चालला, तर दोष बहुधा सेल्फच्या आतच आहे. पण कार्बन त्यामुळे लांब होत नाही, आणि पुढचा ठोका कुठे द्यावा लागेल हे आपल्या हाती नसते. त्यातून हल्लीच्या अनेक सेल्फमध्ये गुंडाळीऐवजी फेराइटचे कायमचे चुंबक असतात. जोरदार ठोक्याने त्यांना तडा जातो आणि दुरुस्त होण्याजोगा सेल्फ कायमचा जातो.

अधिक वजनदार आक्षेप असा, की गॅरेजात नवा सेल्फ टाकल्यावर गाडी चालू झाली ना, मग निदान चुकले म्हणणारे आपण कोण? या आक्षेपाला उत्तर देताना दुरुस्तीच्या कृतीकडेच पाहावे. सेल्फ बदलताना मेकॅनिक बॅटरीचे टर्मिनल काढतो आणि पुन्हा आवळून बसवतो. सेल्फवरचा जाड केबलचा नट सोडून नव्याने घट्ट करतो. सेल्फचे अंग जिथे इंजिनाला टेकते ती जागा पुसली जाते. दोष या सांध्यांपैकी कुठे असेल, तर तो नकळत दुरुस्त होतो आणि श्रेय नव्या सेल्फला मिळते. काही महिन्यांनी सांधा पुन्हा गंजला, की ‘नवा सेल्फही हलका निघाला’ असे म्हणायला आपण मोकळे. जंपर केबल लावून गाडी सुरू केली तेव्हाही हाच गोंधळ होतो. चिमटे खुंटीवर घट्ट बसले की सैल टर्मिनल वगळले जाते, गाडी सुरू होते आणि दोष बॅटरीवर जातो. गाडी जिथे अडली तिथेच, काहीही हलवण्याआधी घेतलेली मापे म्हणूनच मोलाची. गॅरेजातल्या कारागिराचे कौशल्य कितीही मोठे असो, पुसलेला पुरावा त्यालाही वाचता येत नाही.

धोक्याचा मुद्दा मात्र खरोखर गंभीर आहे, आणि तो टाळू नये. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण पाना पॉझिटिव्ह आणि बॉडी यांच्यात अडकला तर क्षणात लाल होतो. हातातली अंगठी किंवा कडे अडकले तर हात भाजतो. म्हणून दागिने काढून ठेवावेत आणि पाना लावण्याआधी निगेटिव्ह सोडवावे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, भक्कम स्टँड हवेतच. स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडचे बोल्ट जोडून सेल्फ फिरवण्याची युक्ती सर्रास दाखवली जाते; गाडी गिअरमध्ये असेल, तर ती समोरच्या माणसावर झेप घेते. पण यातले बहुतेक धोके पाना चालवण्याचे आहेत, मीटर लावण्याचे नाहीत. वर सांगितलेली बरीचशी मापे बॉनेट उघडून, वरूनच घेता येतात. जे मापबिंदू फक्त खालूनच हाताला लागतात, ते सोडून द्यावेत. धोक्याच्या कारणाने दुरुस्ती टाळता येईल, मोजणी टाळायचे कारण नाही.

हल्लीच्या बटणाच्या गाड्यांत हे सगळे कालबाह्य झाले, असेही म्हटले जाते. बटण दाबल्यावर सेल्फला हुकूम द्यायचा की नाही हे कॉम्प्युटर ठरवतो, किल्ली ओळखली गेली नाही तर तो देतच नाही. तेव्हा हुकमाची बारीक वाट लांबली आणि गुंतागुंतीची झाली, हे मान्य. डॅशबोर्डवरचा किल्लीचा दिवा लुकलुकत असेल, तर मीटर बाजूला ठेवून स्कॅनर असलेल्याकडे जावे. पण बॅटरीपासून सेल्फपर्यंतची जाड वाट होती तशीच आहे, आणि तिथला गंज कॉम्प्युटरला पुसता येत नाही. सिग्नलवर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांत तर सेल्फ आणि बॅटरीवर पूर्वीपेक्षा जास्त ताण येतो. तिथे त्यासाठीच बनवलेली खास बॅटरी लागते, स्वस्तातली साधी चालत नाही. पूर्ण हायब्रिड गाड्या मात्र या चर्चेबाहेर ठेवाव्यात. त्यांत बहुधा असा वेगळा सेल्फच नसतो आणि नारिंगी केबलमधून जीवघेण्या दाबाची वीज वाहते. तिला हात लावू नये. विजेवरच चालणाऱ्या गाडीला तर सेल्फची गरजच नाही.

मग घरी मोजून मिळवायचे काय, तर संभाषणाची बरोबरी. ‘गाडी सुरू होत नाही’ एवढेच सांगणाऱ्या ग्राहकाला कारागीर त्याच्या अंदाजाने उत्तर देतो, आणि अंदाजात सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे अख्खा भाग बदलणे. ‘सेल्फ मारताना बॅटरीवर साडेदहा व्होल्ट राहतात, सेल्फवर आठच पोहोचतात’ असे सांगणाऱ्याकडे तो वेगळ्या नजरेने पाहतो, कारण अडीच व्होल्ट वाटेत हरवले आहेत हे त्यालाही दिसते. ऑटो इलेक्ट्रिशियनच्या कौशल्याचा यात अपमान नाही. उलट त्याला जिथे हात घालायचा ती जागा आपण दाखवलेली असते. दुरुस्तीनंतर तीच मापे पुन्हा घ्यावीत. नवा भाग बसवून गाडी सुरू झाली, एवढ्याने निदान बरोबर होते असे ठरत नाही. वाटेत हरवलेले व्होल्ट सेल्फपर्यंत पोहोचू लागले, तरच ते बरोबर होते.